अनुस्वार दिसेनासा झाला तेव्हा

एका निवृत्त शिक्षकांच्या गौरवग्रंथाचे दुसरे प्रूफ मी संगणकावर वाचून पाठवले होते. आठवड्याभराने मुद्रणालयाचे मालक नाशिकच्या सातपूर भागातून स्वतः आमच्या घरी आले, त्यांनी पिशवीतून कागदावर काढलेली पाने बाहेर काढली आणि पेन्सिलीने खूण केलेल्या चार जागा मला दाखवल्या. चारही ठिकाणी ‘सरांचे’ऐवजी ‘सराचे’ असे राहून गेले होते. “ताई, तुमच्या नजरेतून असं कधी सुटत नाही, म्हणून फोन न करता आलो,” एवढेच ते म्हणाले. ‘सरांचे’ हे आदरार्थी बहुवचन आहे. टिंब गेले की तेच एकेरी होते. ज्या ग्रंथाचे प्रयोजनच एका माणसाचा आदर करणे हे आहे, त्यात अशी चूक चारदा माझ्या हातून सुटावी याचे मला फार वाईट वाटले.

माझा पहिला संशय डोळ्यांवर गेला. दुसऱ्याच दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. चष्म्याचा नंबर दोन वर्षांपूर्वी होता तोच निघाला आणि वाचनाच्या तक्त्यावरची सर्वांत बारीक ओळही मी न अडखळता वाचली. डॉक्टर म्हणाले, “कागदावर दिसतंय तुम्हाला. मग स्क्रीनवर का दिसत नाही, ते स्क्रीनला विचारा.” त्यांचा हा सल्ला मी अक्षरशः घेतला आणि पुढचे चार दिवस दुसरे काम हाती घेतले नाही.

माझा मॉनिटर २००८ मध्ये घेतलेला, १७ इंची एलसीडी आहे. त्याचा पडदा आजच्यासारखा आडवा पसरट नाही. रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ५:४ असल्यामुळे तो जवळजवळ चौरस दिसतो. तो इतकी वर्षे जपण्यामागे ठोस कारण आहे. डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. या पडद्याची उंची सुमारे १०.६ इंच भरते, म्हणजे पूर्ण पान खऱ्या आकारात, वरखाली न सरकवता, एका नजरेत येते. १५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची जेमतेम ७.६ इंच असते, त्यावर तेच पान एकतर लहान करावे लागते किंवा अर्धे अर्धे वाचावे लागते. पानाचा शेवटचा परिच्छेद पहिल्या परिच्छेदाशी जुळतो की नाही, समास सारखा आहे की नाही, हे अर्ध्या पानावरून कळत नाही.

बिघाड कधी सुरू झाला हे आठवून पाहिले तेव्हा तारीख सहज सापडली. त्याआधी महिन्याभरापूर्वी संगणकाची जुनी हार्ड डिस्क काढून शहरातल्या एका दुकानातून एसएसडी बसवून घेतली होती आणि तिच्यावर विंडोज १० नव्याने टाकले होते. दुकानातल्या मुलाने घरी येऊन सीपीयू जोडून दिला. त्याच दिवशी टेबल खिडकीपासून दूर सरकवले, म्हणून त्याने मॉनिटरच्या केबलला एक जोडकेबलही लावली. अक्षरे थोडी जाड आणि उभट दिसतात हे मला तेव्हाच जाणवले होते. पण नवे विंडोज आहे, अक्षरवळण बदलले असेल, सवय होईल, असे म्हणून मी कामाला लागले. ते तेव्हाच तपासायला हवे होते.

माझा भाचा कॉलेज रोडला राहतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “मावशी, एवढा जुना मॉनिटर! नवा घे ना.” मी त्याला म्हटले, “महिन्यापूर्वीपर्यंत यावर मी रेफ आणि रकार वेगळे ओळखत होते. पडदा महिन्यात म्हातारा होत नाही.” रविवारी तो आला आणि आम्ही दोघे कामाला बसलो.

पहिली गोष्ट झटपट सुटली. डिव्हाइस मॅनेजर उघडल्यावर डिस्प्ले अडॅप्टरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे दिसले. याचा अर्थ ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग चालवणारे सॉफ्टवेअर, दुकानात टाकलाच नव्हता आणि विंडोज आपल्या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालत होते. विंडोज अपडेटमधल्या पर्यायी अपडेटांच्या यादीत योग्य ड्रायव्हर सापडला, तो उतरवून घेतला, संगणक पुन्हा सुरू केला. आतापर्यंत राखाडी होऊन बसलेली रिझोल्यूशनची, म्हणजे चित्रात आडवे आणि उभे किती ठिपके असावेत त्या आकड्यांची, यादी उघडू लागली, मात्र ती १०२४ × ७६८ ला येऊन थांबत होती. माझ्या पडद्याचे मूळ रिझोल्यूशन १२८० × १०२४ आहे आणि ते त्या यादीत नव्हते. मॉनिटरचे नावही ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असे येत होते, म्हणजे आपल्यासमोर कोणता मॉनिटर जोडलेला आहे हे संगणकाला मुळी ठाऊकच नव्हते.

भाच्याने इथे मला एक गोष्ट समजावून दिली. मॉनिटरमध्ये १२८ बाइटची एक छोटी नोंद साठवलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. निर्माता कोण, मॉडेल कोणते, कोणत्या वर्षी बनवला, मूळ रिझोल्यूशन काय, ही माहिती तिच्यात असते आणि संगणक सुरू होताना ती मॉनिटरकडून मागून घेतो. निळ्या टोकाची जी व्हीजीए केबल आपण वापरतो, तिच्यात एकूण १५ पिनांच्या जागा तीन ओळींत असतात. लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वरच्या ओळीतून जातात, तर ही नोंद खालच्या ओळीतल्या १२ व्या आणि १५ व्या पिनेतून वाचली जाते. त्यामुळे त्यातली एखादी पिन तुटली किंवा वाकली तरी चित्र येत राहते, रंगही नीट दिसतात आणि बिघाड केबलमध्ये आहे अशी शंकाही येत नाही. लाल रंगाची पिन गेली असती तर पडदा निळसर हिरवा झाला असता आणि दोष त्याच दिवशी सापडला असता.

आम्ही संगणक आणि मॉनिटर दोन्ही बंद करून केबल सोडवली. माझे वडील नाशिकरोडला करन्सी नोट प्रेसमध्ये कामाला होते. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात, आणि आमच्या नाशिकमध्ये त्या कारखान्याला नुसते ‘प्रेस’ म्हटले की पुरते. निवृत्तीनंतर वडिलांनी घेतलेले एक चांगले दहापट भिंग माझ्याकडे आहे. त्यातून केबलचे टोक पाहिले तर मधल्या ओळीत एक जागा रिकामी दिसली. पिन तुटून आत पडली की काय, या विचाराने मी घाबरले. परंतु ती नववी जागा होती, आणि पुष्कळ व्हीजीए केबलींत ती पिन मुद्दामच ठेवलेली नसते. ज्यांनी कधी ही केबल जवळून पाहिली नसेल त्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण त्या रिकाम्या जागेपायी चांगली केबल फेकून दिली जाण्याची शक्यता असते. खरा दोष खालच्या ओळीत होता. डावीकडून की उजवीकडून मोजायचे यावर आमचा थोडा गोंधळ झाला, पण टोकावर कोरलेले बारीक आकडे भिंगातून वाचता आले. बारावी पिन पूर्ण आडवी होऊन शेजारच्या पिनेला जवळजवळ टेकली होती. केबल घाईने तिरकी खुपसली की असे होते.

बारीक चिमट्याने ती पिन मी अगदी सावकाश सरळ केली. पितळी पिन एकदा वाकून सरळ होते, पुन्हा पुन्हा वाकवली तर मोडते. म्हणून एकाच ओढीत न करता थोडे थोडे उचलत, मध्ये मध्ये भिंगातून शेजारच्या पिनांशी रांग जुळते का ते पाहत, दहा मिनिटे घेतली. केबल पुन्हा जोडून स्क्रू हाताने आवळले. संगणक सुरू झाला, मॉनिटरचा मॉडेल क्रमांक जसाच्या तसा यादीत आला आणि १२८० × १०२४ पुढे ‘शिफारस केलेले’ असा शेराही दिसला.

१०२४ × ७६८ वर अक्षरे का बिघडत होती, हे मला त्यानंतर भिंगातून प्रत्यक्ष पाहायला मिळाले. एलसीडीच्या पडद्यावर ठिपके मोजून बसवलेले असतात. माझ्या पडद्यावर ते १३,१०,७२० आहेत, त्यांत कमीअधिक होत नाही. संगणकाने कमी ठिपक्यांचे चित्र पाठवले तर मॉनिटर ते ताणून बसवतो. रुंदीत चार ठिपक्यांचे काम पाच ठिपक्यांत वाटले जाते आणि उंचीत तीन ठिपक्यांचे काम चार ठिपक्यांत, म्हणून अक्षरे एकीकडे उभट होतात आणि दुसरीकडे त्यांच्या कडा राखाडी होतात. लहान अक्षरातली शिरोरेषा एका ठिपक्याइतकी जाड असते. ताणल्यावर ती एक काळी आणि तिला चिकटून एक करडी, अशी दुहेरी होते. अनुस्वार तर जेमतेम दोन ठिपके रुंद आणि दोन ठिपके उंच. रोमन लिपीत शब्दाच्या वर फारसे काही नसते, आय आणि जे यांची टिंबे गाळली तरी शब्द कळतो. देवनागरीत मात्र अनुस्वार, रेफ, वेलांटी, मात्रा ही सगळी वस्ती शिरोरेषेच्या वरच्या चारपाच ठिपक्यांत असते. ती जागा धुरकट झाली की ‘सरांचे’ आणि ‘सराचे’ यांवर सारखाच करडा डाग दिसतो आणि वाचणारा जे असायला हवे ते वाचून पुढे जातो. माझे नेमके तेच झाले होते.

अक्षर मोठे दिसावे म्हणून रिझोल्यूशन कमी करून वापरणारे अनेक जण मी पाहिले आहेत, विशेषतः वयाची साठी ओलांडलेले. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की रिझोल्यूशन मूळचेच ठेवावे आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधला स्केल १२५ किंवा १५० टक्के करावा. त्यामुळे अक्षर मोठे होते आणि त्याची कडही शाबूत राहते.

एवढे झाल्यावर काम संपले असे आम्हाला वाटले होते. पडद्याचा डावा भाग सुरेख दिसत होता. पण मजकूर उजवीकडे जाता जाता मध्येच अंधुक होई, पुन्हा स्वच्छ होई, पुन्हा अंधुक होई. मॉनिटरच्या पुढच्या कडेवरचे ‘ऑटो’ बटण भाच्याने दोनदा दाबले. काही फरक पडला नाही, उलट उजवी कड किंचित आत आली.

याचे कारण समजायला व्हीजीएचे वय लक्षात घ्यावे लागते. आयबीएमने हा मानदंड १९८७ मध्ये आणला, तेव्हा मॉनिटर काचेच्या नळीचे असत आणि त्यांना ठिपके मोजण्याची गरजच नव्हती. व्हीजीए केबलमधून ठिपके एकेक मोजून येत नाहीत. रंगाची चढउतार लाटेसारखी सलग येते आणि तिच्याबरोबर फक्त ‘ओळ सुरू झाली’, ‘पान सुरू झाले’ एवढ्याच खुणा येतात. १२८० ठिपक्यांची एक ओळ पाठवायला संगणक १६८८ ठिपक्यांइतका वेळ घेतो. उरलेला ४०८ ठिपक्यांचा वेळ दोन ओळींमधली उसंत असते. दोन खुणांमधल्या वेळाचे बरोबर १६८८ भाग एलसीडी मॉनिटरने स्वतःच पाडायचे असतात. त्याने १६८८ ऐवजी १६९१ भाग पाडले, तर ओळीच्या लांबीत त्याचे मोजमाप काही ठिकाणी ठिपक्याच्या मधोमध पडते आणि काही ठिकाणी दोन ठिपक्यांच्या सीमेवर पडते. जिथे मधोमध पडते तिथे अक्षर स्वच्छ दिसते, जिथे सीमेवर पडते तिथे शेजारचे दोन ठिपके एकमेकांत मिसळतात. मॉनिटरच्या मेन्यूमधले ‘क्लॉक’ हे सेटिंग म्हणजे किती भाग पाडायचे याचा आकडा, आणि ‘फेज’ म्हणजे प्रत्येक भागात नेमके कोणत्या क्षणी मोजायचे याचा आकडा. काही मॉनिटरांवर यांनाच ‘कोर्स’ आणि ‘फाइन’ म्हणतात.

‘ऑटो’ बटण हे दोन्ही आकडे स्वतः शोधते, परंतु त्यासाठी चित्र कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे त्याला दिसावे लागते. भाच्याने मागेच हौसेने माझ्या डेस्कटॉपवर रामकुंडाचे रात्रीचे छायाचित्र लावले होते. मध्ये दिव्यांचा उजेड होता आणि दोन्ही कडांना गडद अंधार होता. त्या अंधाराला मॉनिटर चित्राबाहेरची मोकळी जागा समजत होता आणि चुकीची कड धरून हिशेब करत होता. म्हणून हे बटण दाबण्यापूर्वी पडद्याच्या चारही कडांपर्यंत उजळ काहीतरी उघडलेले असावे. पूर्ण पडदाभर उघडलेले कोरे पांढरे पानही चालते.

तरीही मी ऑटोवर विसंबले नाही. गोदावरीला पूर आला की नाशिककर पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आले ते विचारतात, कारण पाणी हलते असले तरी मारुती जागचा हलत नाही. आम्हालाही तशी एक न हलणारी खूण हवी होती. विंडोजच्या पेंट या चित्रे काढायच्या प्रोग्रॅममध्ये १२८० × १०२४ आकाराचे चित्र घेऊन त्यात एक ठिपका काळा, एक ठिपका पांढरा अशा उभ्या रेषा भरल्या. पहिल्या काही रेषा मोठ्या करून हाताने काढल्या, मग तेवढा भाग नक्कल करून शेजारी चिकटवला, मग दुप्पट, मग चौपट, असे करत पडदा भरला. हे चित्र १०० टक्के आकारात पूर्ण पडद्यावर उघडल्यावर दोष लपूच शकला नाही. सगळीकडे एकसारखा करडा रंग दिसायला हवा होता, त्याऐवजी तीन रुंद उभे पट्टे झळकत होते. पट्ट्यांची संख्या म्हणजेच मोजणीतली चूक. तीन पट्टे, म्हणजे तीन भागांचा फरक.

क्लॉकचा आकडा ५३ होता. तो एकेकाने खाली आणू लागले. ५२ वर दोनच पट्टे राहिले आणि ते अधिक रुंद झाले, ५१ वर एक पट्टा अख्ख्या पडद्यावर पसरला, ५० वर तो नाहीसा झाला. त्या क्षणी सारा पडदा एकसारखा झाला, पण तो एकसारखा धूसर होता आणि वाळू हलावी तशी त्यावर बारीक थरथर होती. ही थरथर फेजची. तो आकडा हळूहळू वाढवत नेला. ३० च्या पुढे थरथर कमी होऊ लागली, ३८ वर थांबली, ४५ ला पुन्हा दिसू लागली. ३८ आणि ४२ यांच्यात डोळ्यांना फरक कळेना, म्हणून मधला ४० कायम केला. वडिलांच्या भिंगातून पाहिले तेव्हा प्रत्येक पांढऱ्या ठिपक्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्या स्पष्ट दिसल्या आणि शेजारचा काळा ठिपका खरोखर काळा होता. मी बराच वेळ ते नुसते पाहत बसले.

मजकूर उघडल्यावर एक उणीव राहिलेली दिसली. प्रत्येक कान्याच्या उजवीकडे एक फिकट सावली होती. ती जोडकेबलीची होती. सांध्यावर संकेत काही अंशी परततो आणि थोडा उशिरा पोहोचतो, तो असा सावलीसारखा दिसतो. जोडकेबल काढून टाकली, टेबल पुन्हा खिडकीकडे सरकवले, सावली गेली. केबल बदलल्यामुळे फेज पुन्हा पाहावा लागला आणि तो ३६ वर स्थिरावला. रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढायचे तो आकडा, मात्र ६० हर्ट्‌झच ठेवला. काचेच्या नळीच्या मॉनिटरवर ६० ला डोळ्यांपुढे लुकलुकायचे म्हणून आम्ही ७५ किंवा ८५ ठेवत असू आणि ती सवय अनेकांना अजून आहे. एलसीडीला तशी लुकलुक नसते. शिवाय या रिझोल्यूशनला ६० वर सेकंदाला १० कोटी ८० लाख ठिपके पाठवावे लागतात, ७५ वर तेच १३ कोटी ५० लाख होतात; जुन्या केबलीवर तेवढी घाई कशाला?

त्यानंतर क्लिअरटाइपची, म्हणजे अक्षरे रेखीव दिसावीत म्हणून विंडोजमध्ये असलेल्या सोयीची, चाचणी दिली आणि मग उजेडाकडे वळलो. या वयाच्या मॉनिटरमध्ये मागचा उजेड एलईडीचा नसून बारीक नळ्यांचा असतो. त्या नळ्या तापून रंग स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून अर्धा तास पडदा चालू ठेवल्याशिवाय रंगाच्या सेटिंगला हात लावला नाही. रंगछटा ९३०० केल्विन या निळसर पांढऱ्यावर होती, ती ६५०० वर आणली. कागदाचा पांढरा आणि पडद्याचा पांढरा जवळ आले. ब्राइटनेस १०० वरून कमी करत, कोरा कागद पडद्याशेजारी धरून, दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ४५ वर आणला.

कॉन्ट्रास्टमध्ये मला एक धक्का बसला. पेंटमध्ये पांढऱ्या पार्श्वभूमीवर २५०, २४५ आणि २४० (पूर्ण पांढरा म्हणजे २५५) अशा अगदी फिकट करड्या रंगांचे तीन चौकोन काढले, तर कॉन्ट्रास्ट ९५ असताना पहिले दोन दिसतच नव्हते. तो ७० वर आणल्यावर तिन्ही उमटले. लेखक मला अनेकदा हाताने दुरुस्त केलेली पाने स्कॅन करून पाठवतात आणि त्यांतली पेन्सिलीची फिकट रेघ याच छटांत असते. मी मागच्या महिन्यातली स्कॅन केलेली पाने पुन्हा उघडली. एका पानाच्या समासात, मला तेव्हा कोरा दिसलेल्या जागी, ‘हा परिच्छेद पुढे घ्यावा’ अशी सूचना होती. त्याच संध्याकाळी त्या लेखकांना फोन करून मी क्षमा मागितली आणि पान दुरुस्त करून पाठवले.

शेवटी गौरवग्रंथाचे पान १०० टक्क्यांवर उघडले आणि पडद्यावर हलक्या हाताने लाकडी फूटपट्टी धरली. रुंदी बरोबर साडेपाच इंच भरली. या पडद्यावर एका इंचात सुमारे ९६ ठिपके बसतात आणि विंडोजही एका इंचाला तितकेच धरते, म्हणून हे असे जुळते.

मुद्रणालयाच्या मालकांकडून दोन दिवस मागून घेतले आणि पूर्ण ग्रंथ पहिल्या पानापासून वाचला. त्यांनी खुणा केलेल्या चार जागांखेरीज आणखी सात अनुस्वार, दोन रेफ आणि ‘ष’च्या जागी पडलेला एक ‘प’ सापडला. यादी पाठवली, तेव्हा त्यांचा फोन आला. “ताई, चष्मा बदललात का?” त्यांनी विचारले. मी त्यांना बाराव्या पिनेपासून सारे सांगितले. त्यांच्याकडेही अक्षरजुळणीला तसेच दोन मॉनिटर आहेत, तेव्हा पुढच्या शनिवारी पेंटमधले ते रेघांचे चित्र पेनड्राइव्हवर घेऊन मी सातपूरला जाणार आहे.

आमच्या मॉनिटरच्या पाठीवर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: क्लॉक ५०, फेज ३६, ब्राइटनेस ४५, कॉन्ट्रास्ट ७०, रंगछटा ६५००, रिफ्रेश ६०, केबल सरळ धरून लावणे, ऑटो दाबण्याआधी पडदा पांढरा करणे.